उधाणाची रेघ

२ एप्रिल

नमिता! मैदानाचं काम सातव्या मजल्यावरच्या त्या इंजिनिअर नमिताला दिलं!

श्यामने खाली लिफ्टपाशी नोटीस वाचली आणि वर येऊन मला आनंदाने सांगितली. चाळीस वर्षं संसार करूनही काही नवऱ्यांना कुठली बातमी कुठे द्यावी ते कळत नाही. आमच्या खारघरच्या मैदानावर नवी हिरवळ, जमिनीखालून नवे पाइप, नवे स्प्रिंकलर. आणि माझं पंपघर पाडणार. माझं! सव्वीस वर्षांपूर्वी मी आखलेलं, पाणीपुरवठा खात्यात असताना, सगळ्या ऑफिसात एकटी बाई इंजिनिअर असताना. एकदाही बुडालं नाही, एकदाही पंप जळला नाही.

कमिटीच्या उदयसिंहांना फोन केला. म्हणाले, मॅडम, तुम्ही आता आराम करा ना.

आराम! मी काय दवाखान्यात पडलेय?

५ एप्रिल

लिफ्ट बंद. नमिता सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने गेली, हातात लॅपटॉप, खांद्याला भाजी. दम लागला नाही. अडतीसची आहे. अडतिसाव्या वर्षी मलाही लागत नव्हता.

९ एप्रिल

मीटिंगला गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. पहिल्या रांगेत बसले.

नमिता चांगलं बोलली. हे इथे लिहिते, इतरत्र कुठे कबूल करणार नाही. एका स्प्रिंकलरचं पाणी दुसऱ्याच्या बुडाशी पोचलं पाहिजे, नाहीतर मधे गवत पिवळं पडतं — बरोबर. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून पाइप प्लॅस्टिकचे — बरोबर. सांडपाणी शुद्ध करून वापरायचं, पाइपच्या शेवटी गाळ काढायला वॉल्व्ह, एक पंप चालू आणि एक राखीव. सगळं बरोबर! तिसाव्या वर्षीही चालेल असं करायचंय, म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामनेसुद्धा. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

माझ्या वेळी टाळ्या नव्हत्या. चहासुद्धा मीच सांगायचा, बाई म्हणून.

१० एप्रिल

सापडलं!

तिच्या नकाशाचा फोटो मोबाइलवर घेतला होता, सकाळभर मोठा करून करून पाहिला. नव्या पंपघराची जमीन मैदानाच्या पातळीला. सपाट! मी माझी तीन फूट वर घेतली होती. तेव्हा सगळे हसले होते, पंपाला काय माडीवर बसवताय म्हणून. पण पावसाळ्यातलं मोठं उधाण आणि वरून पाऊस एकत्र आले की खाडी नाल्यातून उलटी आत येते. २००५ साली आजूबाजूचं सगळं पाण्यात होतं, माझे पंप कोरडे. तीन फूट! माझी अक्कल.

हिचे पंप, हिचं पॅनेल, सगळं एका उधाणात खलास.

सांगू? मला कुणी विचारलंय?

१४ एप्रिल

श्याम म्हणाला, आज काय गुणगुणतेस? काही नाही म्हटलं.

१९ एप्रिल

विचारलं. नमिता घरी आली, चप्पल बाहेर काढून. खुर्चीच्या कडेवर बसली. जुन्या फाइलची प्रत आणली होती.

"मॅडम, तुम्ही जमीन तीन फूट वर घेतलीत. कारण सापडत नाही. फाइलमध्ये नुसतं 'अनुभवावरून' लिहिलंय."

शाळेत गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, रीत लिहिली नसेल तर उत्तर बरोबर असलं तरी शून्य. मला त्याच आठवल्या. आणि तिची ती काळी कुळकुळीत वेणी दिसली.

म्हटलं, "तेव्हाची पद्धत होती. सगळेच घ्यायचे."

"म्हणजे सपाट चालेल?"

"तुझं काम आहे. तू ठरव."

थँक यू म्हणाली. लाडू खाऊन गेली. पंपघराच्या जमिनीचा स्लॅब दोन तारखेला.

२४ एप्रिल

जेवण जात नाही. पित्त असेल.

पित्त नाही. मी खोटं बोलले. रागावून गप्प बसणं वेगळं. तिने सरळ विचारलं आणि मी खोटं सांगितलं. पंप बुडतील, हिरवळ मरेल आणि लोक म्हणतील बाईला जमलं नाही. बाईला! नेमकं हेच माझ्याबद्दल म्हणायला टपले होते सगळे.

पहिल्या तारखेपर्यंत सांगेन.

१ मे

सांगितलं नाही. सुट्टी होती, ती घरात नव्हती. म्हणजे एकदाच बेल वाजवली.

२ मे

आठ वाजता धावत मैदानावर. धाप लागली. बघते तर जोतं बांधून जमीन वर घेतलेली! साडेतीन फूट, माझ्याहून अर्धा जास्त. आणि सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसलेली.

पुतळा तिचं नाव. खाडीकडच्या गावातली. मी पंपघर आखत होते तेव्हा मिठागरावर कामाला होती. दर पावसात उधाण जिथवर येई तिथे ती खोपटाच्या खांबावर चुन्याची रेघ ओढायची. मी तिथे पाणी प्यायला थांबले होते. सगळ्यांत वरची रेघ मोजली, तीन फूट, आणि ऑफिसात जाऊन स्वतःची म्हणून मांडली. हे या वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

नमिता माझ्या उत्तरावर थांबलीच नाही. गावात जाऊन विचारत बसली. पुतळाने सांगितलं, खाडीत भराव घातल्यापासून पाणी आणखी चढतं, अर्धा फूट वाढव.

वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी चोरी उघड करेल. पुतळाने डोळे बारीक केले, माझा हात धरला आणि कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"हीच ती बाय. मी सांगलं ते हिनंच आयकलं व्हतं. बाकीचे सायेब हसत व्हते."

इतकी वर्षं ती हे गावात अभिमानाने सांगत आलीय.

नमिता माझ्याकडे बघत होती. सगळं कळलं होतं तिला. मला पाण्याची बाटली दिली.

३ मे

सातव्या मजल्यावर जिन्याने गेले. दोनदा बसले. नमिताकडे जुन्या फाइलचं ते पान मागितलं आणि तिचंच पेन. 'अनुभवावरून' या शब्दाआधी जागा होती. एक नाव मावलं.