उजवा हात तुझा

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मेहुण्यांचं घोरणं?

शाळेत प्रार्थनेनंतर सिस्टर हात तपासायच्या, आठवतं? आपल्या दोघींत रुमाल एकच. रांगेत तू पुढे, म्हणून तो आधी तुला मिळायचा. तुझे गुबगुबीत हात लोण्यासारखे दिसायचे आणि माझ्या शाईच्या बोटांवर पट्टी बसायची. (तक्रार नाही. फक्त पंचावन्न वर्षं लक्षात आहे, एवढंच.)

हे हस्तपुराण लावायचं कारण असं की, मी अजून सुंदर अक्षराची शिकवणी घेते. मागच्या महिन्यात एका सात वर्षांच्या चिमुरडीने गिरवता गिरवता माझ्या हातावरची टपोरी शीर दाबली आणि विचारलं, "बाई, ही दाबली की तुम्ही बंद होता का?" त्याच आठवड्यात मी कातडीच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. वयाने माझ्या सुनेपेक्षा लहान. म्हातारा हात म्हणजे कापूस बसलेली उशी, असं त्यांचं मत. इंजेक्शनने आत जेल भरलं की शिरा झाकतात. आधी बधिर करायचं मलम, मग सुई, मग कणीक मळावी तसा माझा हात मळला. दुखतंय का, विचारत होत्या. मी नाही म्हटलं (आपल्याला शाळेत दुसरं उत्तर कुठे शिकवलं होतं?), पण उजवा झाल्याबरोबर उठले. डावा सोमवारी करू म्हटलं. म्हणजे आता एक हात पस्तिशीचा, एक पासष्टीचा. टाळी वाजवली की मायलेकी भेटल्यासारख्या वाटतात.

तशीच आईकडे गेले. तू तीन वर्षं आली नाहीस म्हणून सांगते, तिला आता दिसत नाही, कानाशी ओरडलं तरच ऐकू येतं. माणसं ती हात चाचपून ओळखते. माझा डावा धरला, म्हणाली, "थोरली." मग उजवा धरला. अंगठा फिरवत राहिली, शीर काही सापडेना. "अगं बाई, धाकटीपण आली?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. तेव्हापासून आपण दोघी रोज आईकडे जातो. तू फार गप्प बसतेस, तुला शोभत नाही. परवा आई म्हणालीच, "थोरले, काही बोललीस का हिला? अजून फुगलीय." बोलले होते. तीन वर्षांपूर्वी, आईच्या त्या कपाटापायी नको तेवढं बोलले.

सोमवारची वेळ मी रद्द केली.

तुझी,
ताई

ता. क. काल आईने वाटणी केली. शिवणयंत्र डाव्या हाताला. सोन्याच्या बांगड्या उजव्या हाताला, आणि त्या तिने स्वतः चढवल्या. इंजेक्शनची सूज अजून आहे, त्यामुळे आता निघत नाहीत.

आणखी ता. क. जेल वर्षभर टिकतं म्हणे. आईबद्दल तसं कुणी लिहून देत नाही. तर आता ये. तुझे हात अजून गुबगुबीत आहेत ना? नसतील तर डॉक्टरीणबाईंचा पत्ता पाकिटामागे लिहिलाय.

शेवटचा ता. क. यंत्र मी ठेवते. बांगड्या साबण लावून काढीन, त्या तुझ्या. कपाटही तूच ने. आईचा एक हात तुला, एक मला. रुमाल मात्र तुझा तू आण.