निशाणी अंगठा

४ जुलै १९३७, रविवार
सकाळी सोनाबाई माळीण दारात. भाजीची पाटी नाही, हातात पाकीट. "बाई, केरूचं पत्र आलंय, तेवढं वाचून द्या." आता हेच राहिलं होतं! आठवडाभर शाळेत चाळीस पोरींकडून बाराखडी घोटून घ्यायची आणि सुटीच्या दिवशी मखमलाबादच्या मळ्यातलं टपाल वाचायचं.

केरू तिचा मुलगा. चैत्रात माझा दत्तू न सांगता पळाला आणि मुंबईला आरमारात भरती झाला, तो ह्याच केरूच्या जोडीनं. तेव्हा एक कार्ड आलं होतं: "भरती झालो. सुखरूप आहे. शोध करू नये." मी उत्तर दिलं नाही. शोध हरवलेल्याचा करतात. हा चांगला ट्रंक घेऊन गेला.

पाकीट फोडलं तर अक्षर दत्तूचं. केरूला कुठलं लिहिता येतंय? तो सांगतो, आमचे चिरंजीव लिहितात. आईला तीन महिन्यांत एक ओळ नाही, माळणीला दोन पानं! त्यात 'समुद्र' दोनदा 'समूद्र'. रोज त्यावर राहतो आणि लिहिता येत नाही.

अक्षर कुणाचं ते सो.ला सांगितलं नाही. नुसतं वाचलं. तिनं परत वाचायला लावलं. वाचलं.

१८ जुलै, रवि.
सो. आज आणखी एकीला घेऊन आली. हमीदाबी, कल्हईवाल्याची बायको. हिचा रशीद त्याच जहाजावर. तीन पोरं एका जहाजावर म्हणून आम्ही तिघींनी एका सतरंजीवर बसायचं, हे कुणी ठरवलं? शेजारच्या काकू दोनदा दारावरून गेल्या, दोन्ही वेळा मान वाकडी करून. चहा दिला. कप निराळे ठेवले. ह.च्या ते लक्षात आलं, तिनं पुढे ठेवलेला कप उचलला. मला तिचाच राग आला.

ह. विचारते, "बाई, जहाज बुडतं तेव्हा आधी कोन बुडतं, वरचे का खालचे?" म्हटलं, आधी अक्कल बुडते. सो. पदर तोंडाला लावून हसली. मग ह.सुद्धा.

२ ऑगस्ट
मुख्याध्यापिकाबाई आज सर्वांदेखत: "तुमचा मुलगा खलाशी झाला म्हणे?" सूर असा, की कुणी गेलंच. स्वतःचे चिरंजीव तीन वर्षं घरात लोळताहेत, त्याला "प्रयत्न चालू आहेत" म्हणायचं. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. मी म्हटलं, "हो, निदान पोहायला शिकेल."

खोलीवर येऊन रडले. ते असो.

२१ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सो.च्या डोक्यात कुणी भरवलं की आज समुद्राला नारळ द्यायचा. समुद्र कुठे, नाशिक कुठे! "गंगामायला दिला तर ती नेईल की." तिघी गंगेवर. हमीदाबीसुद्धा, बुरखा सावरत. नवऱ्याला काय सांगून आली कोण जाणे.

घाटावर उभं राहून मी भूगोल शिकवला. बायांनो, गोदावरी पूर्वेला जाते. मद्रासच्या बाजूचा समुद्र. पोरं आहेत मुंबईला, पश्चिमेला. नारळ उलट्या दिशेला चालला. सो.चं तोंड एवढंसं झालं, नारळ हातातच. ह. म्हणाली, "समंदर समंदर को तो मिलता असंल ना, बाई? फिरून जाईल." नकाशा मनात आणून पाहिला. मिळतो खरा. सिलोनला वळसा घालून.

एवढं ज्ञान पाजळून शेवटी दत्तूच्या नावाचा नारळ मीच टाकला. तोही नीट पडला नाही, पायरीवर आपटला, सो.नं ढकलला.

५ सप्टेंबर, रवि.
केरूचं पत्र. म्हणजे दत्तूचं. त्यात: "दत्तू डोलकाठीवर सगळ्यांत आधी चढतो. साहेबानं त्याची पाठ थोपटली." बघा! स्वतःची स्तुती केरूच्या तोंडून. आणि तीही अशा पत्रात, जे नाशकात कोण वाचणार हे त्याला पक्कं ठाऊक. दोनदा सहावीत नापास. संक्रांतीला निकाल आला तेव्हा मी म्हटलं होतं, तुझ्यापेक्षा दगड बरा. पुढे बोललेच नाही.

कशात तरी पहिला आला मेला.

सो.ला सही शिकायची आहे. पत्राखाली "माजं नाव मीच घालीन" म्हणते. ह.लापण हवी. दोन घोड्यांना ह्या वयात बाराखडी! पाटी दिली. सो.चा 'स' पाठीवर पडलेल्या झुरळासारखा. तासभर घाम गाळला तिघींनी.

२६ सप्टें., रवि.
'सोनाबाई' जमलं. 'ब'चं पोट फुटलंय, पण जमलं. हमीदाबीचा 'ह' माझ्या तिसरीतल्या पोरींपेक्षा बरा. तिला तसं सांगितलं नाही, डोक्यावर बसेल. कप निराळे ठेवायचे राहून जातात हल्ली.

२८ सप्टें.
मुंबईहून सरकारी पाकीट. इंग्रजी. यांनी हयात असताना तिसरीपर्यंत शिकवलेलं कसंबसं पुरलं. दत्तूला परदेशी जाणाऱ्या बोटीवर घालायचं आहे. अठरा पुरे नाहीत, म्हणून आईची संमती पुन्हा हवी. दोन साक्षीदारांसमोर. पंधरा ऑक्टोबरच्या आत, नाही तर नाव कमी. सोबत चैत्रातल्या संमतीपत्राची नक्कल.

मी कसली संमती दिली?

नक्कल वाचली. "द्वारकाबाई, विधवा, निरक्षर. निशाणी अंगठा."

निरक्षर! मी! ट्रेनिंग कॉलेजात दुसरी आले होते. अठरा वर्षं ह्या गावच्या पोरींना अक्षर लावते आहे, आणि माझा मुलगा सरकारला सांगतो, आई अडाणी. बाकी सगळं सोसलं. हे नाही सोसत. आणि अंगठा तरी कुणाचा?

२९ सप्टें.
शाळा सुटल्यावर थेट मळ्यात. सो. शेवंती खुडत होती. कागद नाकासमोर धरला. ती बिचकलीसुद्धा नाही.

"माजा हाय."

केरूसाठी अंगठा द्यायला भरतीच्या कचेरीत गेली, दत्तू तिथंच उभा. आई सही करणार नाही म्हणाला. साहेबानं विचारलं, ही कोण? सो. म्हणाली, आई. दोन पोरं, दोन अंगठे. दुसऱ्याच्या वेळी पदर पुढे ओढला म्हणे, झाली दुसरी बाई.

मी बोलू नये ते बोलले. चोरटी म्हटलं, जात काढली. ऐकून घेतलं तिनं सगळं. मग म्हणाली, "बाई, तीन म्हैने पोरगं तुमच्या घरात मुकं व्हतं. रोज माज्या बांधावर येऊन बोलायचं. येक दिवस म्हनलं, मावशे, मी घरात हाय का नाय तेच कळंना. मग मी दिला अंगठा. तुमी काय बी म्हना."

चालत आले घरी. एवढ्या लांब.

२ ऑक्टोबर
भाऊजी आले. वकिलाच्या कचेरीत कारकून, त्यामुळे स्वतःला हायकोर्ट समजतात. कागद पाहून हर्षच झाला त्यांना. "वहिनी, एक ओळ लिहा: सदर अंगठा माझा नव्हे. दिवाळीला दत्तू घरी. माळणीला मात्र खडी फोडावी लागेल, आणि तिच्या पोराचीही चौकशी होईल." मसुदा करूनच दिला. अक्षर सुरेख आहे मेल्याचं.

मला तो परत हवा आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू? दारात त्याच्या चपला दिसायला हव्या आहेत. एक सही. माझी, खरी, शिकलेली.

७ ऑक्टो.
मसुदा तीनदा काढला, तीनदा ठेवला. समजा आला. दिवाळीला आला, फराळ केला, मग? मग ह्या खोलीत दोघं समोरासमोर. त्याला बोटीवरून उतरवून आणलेली मी आणि डोलकाठीवर चढता येणारा तो. बोलणार काय? मळ्यात जायलाही सो. नसेल.

तिच्या अकलेची कीव येते. परक्या पोरासाठी कुणी असं करतं? माझ्या अकलेचं तर विचारूच नका.

१० ऑक्टो., रवि.
वाटलं होतं येणार नाहीत. दोघी आल्या. सो. उभ्याउभ्याच, डाव्या हाताचा अंगठा पुढे करून: "आना कागद. जुनाच अंगठा लागंल ना त्यांना? नायतर खरं लिवा. मी जाते तुरुंगात, पोरगं तुमचं हाय. पन काय ते आज करा. मला झोप नाय."

ह. दाराशी. म्हणाली, "बाई, रशीद लिखता था, तुमचा लडका रोज डाक पाहतो. त्याची डाक येतच नाही."

हे मला आज सांगते!

सो.ला म्हटलं, बस खाली. एकदा केलंस तेवढं पुरे, दुसऱ्यांदा खोटं करायचं तर ते मी करीन. दौत काढली. शाळेतल्या फळ्यावर रोज 'साक्षर व्हा' लिहिणाऱ्या ह्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि 'निशाणी' म्हणून दाबला. जुन्याशी जुळणार नाही हे मला कळतं. तिथे कुणी ताडून पाहतं की नुसतं फडताळात टाकतं, ते देव जाणे. पाहिलं तर दत्तूही जाईल, माझी नोकरीही. मुख्याध्यापिकाबाई पेढे वाटतील.

साक्षीदार दोन हवे होते. सो.नं जीभ दातांत धरून 'सोनाबाई' लिहिलं. ह.नं 'हमीदाबी'. वर अंगठा, खाली दोन सह्या. अठरा वर्षांत शिकवलेल्यातलं एवढंच सरकारी कामाला आलं!

शाई निघत नाही. भाऊजींचा मसुदा चुलीत.

१७ ऑक्टो., रवि.
मुंबईहून काही नाही. पोचला का, जुळवला का, काही नाही. टपालवाला दिसला की उठून दारात जाते.

आज दत्तूला लिहायला बसले. "चिरंजीव दत्तू यास अनेक उत्तम आशीर्वाद." झालं. पुढे पेन हलेना. गावभरच्या बायकांची पत्रं लिहिते मी! शेवटी सो. आली तिलाच म्हटलं, सांग, काय लिहू?

ती धडाधड सांगायला लागली. पोटभर खातो का. अंग दुखतं का चढून. केरूला सांभाळ, ते येडं हाय. गार पान्यानं न्हाऊ नको. सगळं उतरवून घेतलं, पान भरलं. वाचून दाखवलं. चांगलं होतं. माझं नव्हतं.

म्हटलं, सोनाबाई, ते तीन महिने बोलले नाही, त्याचं काय लिहू? कसं सांगतात ते?

तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ते तुमचं तुमीच लिवा, बाई. तिथं माजा अंगठा नाय चालायचा."

गेली. शेवंतीला पाणी द्यायचं होतं तिला.

नवा कागद घेतला आहे. चि. दत्तू, मी तुला दगड म्हटलं, तेव्हा