सत्तर पैशांचा जावई

राजमान्य राजश्री यशवंतराव यांसी, माणहून तुमचे दाजी उद्धवराव यांचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? देहूरोडच्या घराचे दोन जिने तुम्ही रोज चढता, त्याची आम्हाला इथं काळजी. (तुमची बहीण शालन रोज करते, मी आठवड्यातून एकदा.) इकडे सर्व क्षेम, म्हणजे तुमची बहीण जेवायला वाढते पण बोलत नाही, आणि तुमची भाची बोलते पण ते ऐकवत नाही. फोन केला की तुम्ही "दाजी, पुरे करा आता" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आमच्या योगिनीला स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा पुढची हकिकत तुम्हाला सांगणं भाग आहे. चाकणच्या कंपनीतला मुलगा, निरंजन, कंपनीनंच जपानला नागोयाला पाठवलेला, पगार महिना तीन लाख. मी निम्म्या गावाला सांगून मोकळा झालो. ते तीन लाख येन आहेत हे तुम्ही चहा पिताना सांगितलंत, आणि एक येन म्हणजे सत्तावन्न पैसे हे चहा संपल्यावर. तरी मी काही बोललो नाही. (शालनला विचारा. बोललो असेन तर थोडंच.) पोरगा निर्व्यसनी, आईबापाला धरून राहणारा, आणि योगिनीच्या मनात भरलेला. आता योगिनीही चाकणलाच दुसऱ्या एका जपानी कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, तिला जपानी लोकांचं सगळं ठाऊक. तिनंच हौसेनं मला मोबाइलवर येनचा जुना आलेख दाखवला आणि तिथं घोळ झाला. दोन हजार बारा साली येन सत्तर पैशांपर्यंत गेला होता. पंधरा साली त्रेपन्नच्या आसपास घसरला. वीस साली परत सत्तर. म्हणजे वर जायची त्याला सवय आहे. आज तो पडलाय म्हणून आपण पोरगी आजच्या भावानं द्यायची?

तुम्ही म्हणाल, जावयाचा आणि भावाचा संबंध काय. तुम्ही जन्मभर नोकरी केलीत, तुम्हाला हे कळायचं नाही. आमच्या माणात आयटी पार्कचं नुसतं नाव निघालं आणि मी ओढ्याकाठचं दीड एकर विकून बसलो. शेजारचा सोनबा गप बसला, वाट बघत राहिला, भाव चढल्यावर विकलं, आणि आज त्याची म्हैससुद्धा फरशीवर रवंथ करते. चावडीवर मला अजून "घाईवाले उद्धवराव" म्हणतात. त्या दिवशी कानाला खडा लावला की भाव खाली असताना व्यवहार करायचा नाही.

म्हणून बैठकीत सुपारी फुटायच्या ऐन वेळी मी म्हणालो, सत्तर राहू द्या, येन पासष्टला येऊ द्या, मग फोडू. मुलाचे वडील कोंडीराम हे मूळचे लातूरकडचे, कारखान्यात हाडं झिजवून पिंपळे गुरवला घर केलेलं, मोठे सबुरीचे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "ते कवा होईल?" मी म्हणालो, मागच्या खेपेला पाच वर्षं लागली होती. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पंख्याकडे पाहिलंत. (आपल्या माणसाकडून मला ही अपेक्षा नव्हती.) दुसऱ्या दिवशी मी पिंपरीत एका बँकेत चौकशीला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, किती येन बदलायचेत? मी म्हणालो, येन नाहीत, जावई आहे. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

घरी आलो तर योगिनी वाटच बघत होती. म्हणाली, "बाबा, निरंजन पगार तिथं घेतो, भाडं तिथंच भरतो, भाजीही तिथंच आणतो. येन इथं पडला काय अन् चढला काय? तो पैसे तुम्हाला पाठवणार होता का?" मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. (उत्तर सुचलं नाही की मी तत्त्व काढतो, हे गुपित तिच्या आईनं तिच्यापाशी फोडलेलं आहे.) मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी काय ओढ्याकाठचं दीड एकर आहे?" आणि आत गेली. मला वाईट वाटलं, लपवत नाही. लहानपणी तापातसुद्धा ती माझ्याशी अशी तुटक बोलली नव्हती. पण आपल्याला वाईट वाटलं म्हणून भाव चढत नाही.

तेव्हा निर्णय पक्का. पासष्टच्या खाली एक पैसा नाही. कृपा करून मध्यस्थी करू नये. घरात सर्वांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
उद्धवराव

ता.क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. निरंजनची तिकडची मुदत संपली, तो कायमचा चाकणला परत आला, पगार रुपयात. म्हणजे अट आपोआप सुटली आणि माझा शब्दही राहिला. मी नारळ आणवले. शालन बोलली. (काय बोलली ते लिहीत नाही.)

आणखी ता.क. आता योगिनीच्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी नागोयाला निवडलं आहे. पगार येनमध्ये. आज सकाळी कोंडीरामांचा फोन आला, नेहमीसारखाच सबुरीचा. म्हणाले, "उद्धवराव, आमाला बी काय घाई न्हाई. येन पासष्टला येऊ द्या." माझेच शब्द, पण दुसऱ्याच्या तोंडून फार झोंबतात हो. योगिनी आधी हसली, मग देवघरात जाऊन रडली. पुढच्या महिन्यात तिचं जाणं आहे, आणि लग्नावाचून ती रडत विमानात बसलेली मला बघवणार नाही. यशवंतराव, पत्र घेऊन येणाऱ्या रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं दिलेलं आहे, तिच्यातच बसा आणि तडक पिंपळे गुरवला जा. त्यांना समजावा की पोरगी म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, तिला आज एक भाव आणि उद्या एक असं नसतं. (हे मी म्हणालो असं सांगू नका, त्यांना पटायचं नाही.)

शेवटचं ता.क. येन आज अर्ध्या पैशानं वर आहे. तेवढं मात्र जाता जाता त्यांच्या कानावर घाला.