आजपासून भांग

तळवली,
त्रिपुरी पौर्णिमा, ५ नोव्हेंबर २०२५

चि. रुतिका हिस,
नामाकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा गुडघा दिवाळीपासून कुरकुरतोय, पण मासळीची टोपली सोडायला ती तयार नाही. तुझा बाप, आमचा दादा, पहाटेच होडी घेऊन गेला, आज खाडीला उधाण आहे. तू दिवाळीला आली नाहीस, म्हणून तुझ्या वाटच्या करंज्या मीच संपवल्या. पोस्टाचं पाकीट बघून हसू नकोस. तुमच्या कंपनीच्या ॲपवर लिहिलं तर ते तुझ्याआधी कोण वाचेल आणि कुठल्या शब्दाला घाबरेल, याचा मला आता भरवसा नाही.

आपलं 'तळवली खाडी' हे पान तुमच्या कंपनीने बंद केलं, त्याला आज बावीस दिवस झाले. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. त्या दिवशी अष्टमी, भरतीला जोर नाही, म्हणून मी नेहमीसारखंच टाकलं होतं: 'आजपासून भांग. भांगामुळे माल कमी आहे. ताजा माल सकाळी सातला जेटीवर. हवा असेल त्यांनी आधी फोन करावा.' खाली तुझ्या आईचा नंबर. दुसऱ्या दिवशी पान गायब आणि मला नोटीस, की तुम्ही अमली पदार्थ विकता! छत्तीस वर्षं एका कंपनीत हेडक्लार्की केली, चहाशिवाय व्यसन नाही, आणि साठीनंतर मी भांगवाला ठरलो. गावात पोरं मला 'शेठ, माल आहे का' विचारतात. पहिले दोन दिवस मीही हसलो.

मग लक्षात आलं की या पानावर मेलेल्या मासळीचे नऊ वर्षांचे फोटो आहेत. कारखान्यांचं पाणी खाडीत सुटलं की बोय पांढरं पोट वर करून काठाला लागते, त्याचा प्रत्येक फोटो मी तारीख आणि भरतीची वेळ लिहून टाकत होतो. डिसेंबरात त्याच पाण्याबद्दल समितीपुढे सुनावणी आहे आणि आपल्याकडे दुसरा पुरावा नाही. माझा जुना फोन दोन वर्षांपूर्वी होडीतून पाण्यात गेला. मी म्हटलं, जाऊ दे, एवढ्या मोठ्या कंपनीकडे फोटो आहेत म्हणजे तिजोरीत आहेत. मूर्ख मी. नोटिशीत लिहिलंय, तीस दिवसांनी सगळं कायमचं पुसलं जाईल.

अर्ज केला, तर उत्तर यंत्राचं. पुन्हा केला, तर पुन्हा तेच, शेवटी 'आम्हाला तुमची काळजी आहे'. काळजी! जमिनी गेल्या तेव्हा आम्ही सरकारी कचेरीत खेटे घातले, चपला झिजवल्या, पण तिथे निदान एक खुर्ची होती, खुर्चीत माणूस होता, त्याच्यासमोर टेबलावर हात आपटता येत होता. तुमच्या कंपनीचं दार कुठे आहे ते तरी सांग. टीव्हीवर रोज भांडणं चालतात, या कंपन्यांना कायद्याचा लगाम घालायचा की नाही. एक म्हणतो स्वातंत्र्य, दुसरा म्हणतो देशाची सुरक्षा. तुझ्या आईच्या, चंद्रावहिनीच्या, टोपलीबद्दल कोणी बोलत नाही. येत्या रविवारी वाशीला याच विषयावर जाहीर चर्चा आहे, तिथल्या सूचना सरकारकडे जाणार आहेत. मलाही पाच मिनिटं दिली आहेत. मी भाषण लिहून काढलं: 'या कंपन्या आपल्यावर राज्य करतात आणि आपली भाषा कळणारा एक माणूस ठेवत नाहीत.'

ते वाक्य मी कालच खोडलं. का, ते लिहायचं टाळत इथपर्यंत आलो.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं, त्यात होतं, 'मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने मजकूर तपासला असून निर्णय कायम आहे.' मराठी जाणणारी व्यक्ती! तिला 'भांगामुळे' आणि 'भांगेमुळे' यांतला फरक कळू नये? मी संतापून गेल्या रविवारी तुला फोन केला. पान बंद झालंय, एवढंच बोललो. कारण सांगितलं नव्हतं. आणि तू हळूच विचारलंस, "काका, भांगेचा दुसरा काही अर्थ असतो का?"

रुतिका, तो शब्द मी उच्चारलाच नव्हता.

नाव-नंबर तुम्हा तपासणाऱ्यांना झाकून दाखवतात म्हणे, म्हणून आईचा नंबर तुला दिसला नसेल. हे मी मानतो. वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज म्हणते, "माजी पोर थयंच हाय ना? मंग तिला सांग, पानी नरम हाय म्हनून भांग. तिला ठावं असंल."

तुला ठाऊक नाही, आणि ते माझ्यामुळे. माझ्या बोलण्यातल्या 'न'ला साहेब हसायचा, म्हणून मी ठरवलं होतं की आपल्या पोरीला कोणी हसणार नाही. पहिलीत होतीस. शाळेतून तापून आलीस आणि म्हणालीस, "काका, पानी हाय?" मी भरलेला पेला हातात धरून उभा राहिलो. 'पाणी आहे का' असं तू नीट म्हणेपर्यंत दिला नाही. तू रडलीस. वहिनी चुलीपाशी सगळं ऐकत होती, आणि त्या दिवसापासून तुझ्याशी बेतून बोलायला लागली. दादालाही मीच बजावलं, पोरीला खाडीवर नेऊ नकोस. मग उधाण कुठलं आणि भांग कुठला, तुला कोण शिकवणार?

तेव्हा माझा राग कोणावर किती, याची वाटणी मला जमत नाही. पण त्या कंपनीला माफी नाही. अख्ख्या किनाऱ्याचं बोलणं तुझ्यासारख्या कंत्राटी पोरीपुढे टाकायचं, दर मजकुराला काही सेकंद द्यायचे आणि वर तिला 'मराठी जाणणारी व्यक्ती' म्हणायचं, हा माज आहे.

आठ दिवस उरलेत. 'मी तपासलं, मी चुकले, इथे भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती' असं तू वरच्यांना लेखी कळव. तुमच्याकडे चुका मोजतात, नोकरी जाऊ शकते, हे कळूनच मागतो आहे. मागायचा हक्क मला कितपत आहे, हेही कळतं.

रविवारी पेल्याची गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिथे तुझं नाव मी घेणार नाही. ते तुझं तूच घ्यायचं आहे.

राग उतरलेला नाही, तरी आशीर्वाद आहेत.

तुझा,
नामाकाका