काकांचं कार्ड, गावचा बांध आणि शिवडीची तिवरं

११ मे १९५७
गावाहून तात्याकाकांचं कार्ड. खाडीचा बांध यंदा चिऱ्यांचा केलाय, आता पुढची तिवरं, ती खारफुटीची झाडं, कशाला, मृगाआधी तोडून जळणाला काढतो. तुमचं काय ते कळवा.
बाबांना अक्षर येत नाही, वाचणं-लिहिणं माझ्याकडे. गिरणीतून आले ते उभ्याउभ्याच म्हणाले, "लिव, तिवरांका हात लावचो नाय. चिरे काय करतले? पाणी खालची माती नेता."
लिहिलं. जागा उरली म्हणून आई खाडीकाठची मोरस खुडून भाजी करायची, त्याबद्दल दोन ओळी. बिनमिठाची करायची, तरी खारट. आई जाऊन तीन वर्षं झाली. काकांना हे कशाला सांगत होतो कोण जाणे.

१३ मे
पोस्टात जायला निघालो, पोचलो फणसवाडीत. दोस्त दिनू संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं भिंतींवर चिकटवत होता. "कार्ड पळून जात नाय रे. आधी खळ ढवळ." ठाकुरद्वारपर्यंत भिंती केल्या. मग चौपाटीला सभा. आवाज बसला. मजा आली.

२१ मे
शर्ट भिजवायला घेतला तर खिशात कार्ड. आठ दिवस... धावत जाऊन टाकलं.
बाबांनी जेवताना विचारलं, "कार्ड टाकलंस मां?" हो म्हणालो. टाकलं होतंच. कधी, ते त्यांनी विचारलं नाही.

२६ मे, रविवार
लालबागहून चालत शिवडीच्या खाडीवर. मनात हे की कार्ड उशिरा पोचलं तरी दगडी बांध तिवरांवाचूनही टिकत असेल. डोळ्यांनी बघितलं म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.
भरती चढत होती. तिवरं नसलेल्या मोकळ्या दगडी भिंतीशी करवंटी सोडली. पाण्यानं उचलून दगडावर आपटली, मागे ओढली, परत आपटली. भिंतीच्या बुडाशी पाणी गढूळ, माती सुटत होती. दुसरी करवंटी तिवरांत सोडली. दहा पावलांत मंदावली, मग चिखलातून वर आलेल्या मुळांच्या बोटांत अडकून नुसती डुलत राहिली. आत पाणीच चालत होतं, धावत नव्हतं. फांदी पार वाकवली तरी मोडेना, सोडली की सरळ. पान चाटलं. मीठ. लहानपणी असंच चाटायचो, वादळात काका होडी तिवराला बांधायचे, मी आत बसून खेकडे मोजायचो...
काठाला मोरस. एक रोप उपटायला गेलो तर मुळांसकट चिखलाचा गड्डाच हातात. तिथं एक म्हातारी मोरस खुडत होती. "काय रे, करवंट्या खेळतोस? लग्नाचा झालास."
तिवरं काढली तर भिंतीचं काय होईल, विचारलं.
"मग लाट काय माझ्या डोस्क्यावर अडवू?" म्हणाली आणि पुन्हा खुडायला लागली.
बघायला आलो होतो त्याच्या उलटंच दिसलं. बाबांना सांगायला हवं. आज नको.

२ जून
दिनूकडे दोन दिवस राहिलो. घरी गेलो की बाबा पत्राचं विचारतात.

१७ जून
काकांचं कार्ड आलं. बाबा म्हणाले, "वाच."
"तुमचं पत्र पोचलं तोवर अर्धी तिवरं तोडून झाली होती. उरलेली राखली आहेत. पाऊस बरा. सर्व खुशाल."
सगळं वाचलं. मग खिशातले आठ दिवसही सांगून टाकले. ओरडतील वाटलं. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली, पाठ माझ्याकडेच.
"खयची अर्धी?"
"म्हणजे?"
"खाडीकडची काय बांधाकडची? खाडीकडची रवली असली तर बांध रवात."
कार्ड उलटसुलट केलं. लिहिलेलं नाही.

२२ जून
जोडकार्ड आणलं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. एकच ओळ लिहिली, कुठच्या बाजूची तोडली ते कळवा. अवस २७ला, मोठं उधाण तेव्हाच. पावसात बोटी बंद, टपाल डोंगरातून, पोचायलाच चार-पाच दिवस. काकांना कार्ड मिळेल तेव्हा पाणी येऊन गेलेलं असेल, बहुतेक.
टाकायला मीच निघालो होतो. बाबा छत्री घेऊन मागून आले. पेटीपाशी माझ्या हातातून कार्ड घेतलं, स्वतः आत सोडलं, मग तळहात पेटीवर ठेवून उभे राहिले. गिरणीचा भोंगा झाला. बाबा कधी लेटमार्क लावून घेत नाहीत. तरी हलेनात.