आधी नक्कल, मग दुरुस्ती

४ मार्च
मुलीची डिस्क गेली. पूर्ण नाही — जाते आहे. चार वर्षं विहिरींची पाणीपातळी मोजत फिरली, ते सगळे आकडे त्यात. प्रबंध द्यायचा वीस तारखेला. गेल्या वर्षीचं पाणी आता कोण मोजून देणार!
“नक्कल आहे ना?” — “आहे गं आई. त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरात.” म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप!
त्यात जावयांनी पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून त्या आजारी डिस्कवरच एफएससीके, म्हणजे दुरुस्तीचा प्रोग्रॅम, लावलेला. थांबवला. तीस वर्षं कॉलेजची युनिक्स मशीनं सांभाळली, नियम एकच. आधी नक्कल, मग दुरुस्ती — तीही नकलेवर. हे मशीनही मीच लावून दिलेलं. मुख्य पासवर्ड, रूटचा, फक्त माझ्याकडे. “त्यात तू हात घालायचा नाहीस, ते मी बघेन” — बजावलं होतं.
सामान घेऊन मुलीकडेच राहायला आले. वरची खोली.

५ मार्च
डीडीरेस्क्यू लावलं, मरत्या डिस्कची नक्कल काढणारं. चांगला भाग आधी वाचायचा, खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बारीक कप्पा, लागला की सोडून पुढे. कुठवर वाचलं त्याची नोंद वेगळ्या डिस्कवर. मधूनच टक् टक् आवाज येतो.
जावई म्हणाले, “फ्रिजमध्ये ठेवली तर चालते म्हणे.” म्हटलं, “मग सोबतीला तुम्हीही बसा आत, जावईबापू!”

६ मार्च
सातशेच्या वर खराब सेक्टर. त्यातले बरेच तिच्या आकड्यांवरच.
“आई, तू वाचवायला आलीस की ओरडायला?”
“दोन्ही. डिस्क एका दिवसात मरत नाही. महिनोन्महिने सांगत असते. ऐकणारा शुद्धीवर लागतो!”
ताट तसंच सोडून उठून गेली. जास्त बोलले का? नाही. शिस्त अशीच लागते.

८ मार्च
डिस्क तापते. अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. घरातला पंखा तिला, आम्ही घामात. मुलगी अजून कामापुरतंच बोलते. बोलू नको. डिस्क बोलली म्हणजे झालं.

११ मार्च
आज शेवटाकडून उलटं वाचायला लावलं. पुढून देत नव्हती ते मागून दिलं! सातशेचे एकोणीस उरले. सोडणार नाही.

१२ मार्च
एकोणीस गेलेच — पण ते कुठल्याशा जुन्या गाण्यात पडले. नकलेवर एफएससीके केलं. अठ्ठेचाळीस महिने, एकही विहीर सुटली नाही! मुलगी खुर्चीतच रडायला लागली. म्हटलं, “रडणं नंतर. आधी दुसरी नक्कल कर, आणि या घराबाहेर ठेव.”
लॉस्ट अँड फाउंडमध्ये, नाव हरवलेल्या फायली जिथे येऊन पडतात तिथे, नुसत्या नंबराची एक फाइल दिसली. उद्या बघते. अर्धवट ठेवायची सवय नाही मला.

१३ मार्च
उघडली. मशीनने रूटला धाडलेलं टपाल. ‘डिस्कचे आठ सेक्टर वाचता येत नाहीत. लक्ष द्यावे.’ पहिलं पत्र गेल्या मे महिन्यातलं. मग दर आठवड्याला एक. आकडा वाढत गेलेला. त्रेचाळीस पत्रं, एकही उघडलेलं नाही.
रूट म्हणजे मी.
मुलीला हाक मारली आहे. जिन्यावर पावलं वाजताहेत.