वाळूचे बेट, पिस्तुलांची जोडी आणि दोन साक्षीदार

मी, हेपझिबा क्विंबी, माहेरची रॅन्सम, पहिल्या लग्नाची ड्रेक, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शेती, फळबाग व यजमानांना पुरणे, राहणार क्विंबीज लँडिंग, डेलावेअर नदीचा पूर्व काठ, न्यू जर्सी राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दाबू शकेल असा माणूस जन्मला असेल, तर अजून भेटलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून एवढेच सांगते की मी आजवर कोणालाही द्वंद्वाचे आव्हान दिलेले नाही. या घरातल्या पुरुषांपैकी एकालाही असे लिहून देता आले नसते.

मला कोणताही आजार नाही. मृत्युपत्राची घाई माझ्यासाठी नाही. माझा नातू लेम्युएल ड्रेक परवा सोमवारी सकाळी समोरच्या बेटावर टायटस व्हॅनडाइक याच्याशी पिस्तुलाने लढणार आहे. दोघेही विधानसभेच्या एकाच जागेसाठी उभे आहेत. गेल्या शनिवारी, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात, लेम्युएल नव्या कालव्याच्या नावाने पेला उचलून बोलायला उभा राहिला, तेव्हा टायटसने आपला पेला टेबलावर पालथा घातला. "भाषण कालव्याइतकं लांब आहे, पण खोली तेवढी नाही," असेही तो म्हणाला. मी तिथेच होते. भाषण खरोखर लांब होते.

लेम्युएलने आव्हान पाठवले. टायटसने ते स्वीकारले. बेटाची मालकीण मी, पिस्तुलांची मालकीण मी, आणि लढणाऱ्यांपैकी एकाची आजीही मीच. मला मात्र कोणी विचारले नाही.

कलम पहिले. घर, फळबाग, सफरचंदाच्या सायडरचा घाणा, दोन गाई व धक्क्यावरची होडी माझी नात केझिया ड्रेक हिला मिळावी. केझियाला हिशेब येतो, होडी वल्हवता येते, आणि सुदैवाने तिला अब्रू नाही, म्हणजे पुरुषांना असते तसली. तिला कोणी वेडेवाकडे बोलले, तर ती उलट बोलते आणि कामाला लागते.

कलम दुसरे. बेट. हे वाळूचे बेट न्यू जर्सीचे की पेनसिल्व्हेनियाचे, याचा निकाल दोन्ही राज्यांनी कागदावर लावला, पण नदीने दर पुरात फिरवला. त्यामुळे दोन्हीकडचे शेरीफ तिथे यायला तयार नसतात, आणि दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना मारायला तिथेच येतात. बेट केझियाला मिळावे, या अटीवर की तिने तिथे डुकरे पाळावीत. डुकरे भरपूर असावीत आणि त्यांना बांधू नये. डुकराच्या अंगावर पाय पडला की कोणालाही ऐटीत उभे राहता येत नाही.

कलम तिसरे. हे बेट या अवस्थेला कसे आले, ते केझियाला माहीत असावे म्हणून लिहिते.

माझे वडील, जोथम रॅन्सम, विधानसभेत होते. जिल्ह्याचे कोर्ट टेकडीवर बांधायचे की धक्क्यावर, या वादात एक सभासद म्हणाला, "रॅन्सम यांचा केसांचा टोप घोड्याच्या शेपटीचा आहे." टोप घोड्याच्या शेपटीचाच होता. हे सर्वांना ठाऊक होते, वडिलांना आणि घोड्यालाही. तरी वडील बेटावर गेले आणि परत आणावे लागले. मी त्या वेळी पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला मोरेव्हियन मंडळींच्या मुलींच्या विद्यालयात भूमिती शिकत होते. घरी येऊन पाहते तर टोप शाबूत होता. तो चिमण्यांनी घरट्यासाठी नेला, तेव्हा मी थांबवले नाही.

माझे पहिले यजमान, बर्झिलाय ड्रेक, काँग्रेसमध्ये होते. जकातीवर ते दुपारभर बोलले. समोरच्या बाकावरच्या गृहस्थाने जांभई दिली. तोंडावर हात ठेवला असता तर मी आज विधवा नसते. बेटावर दोघांची पहिली खेप फुकट गेली, कारण दव पडले होते आणि यजमानांचा बार उडालाच नाही. दोघांच्या बाजूने उभ्या असलेल्या पाठीराख्यांनी समेट केला. दोघांनाही गहिवरून आले. त्यांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली, आणि तेव्हा यजमानांच्या पट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलाला वाटले की आता आपली पाळी. ड्रेक वैराने गेले नाहीत, समेटाने गेले.

त्यांचे पाठीराखे होते इलायफलेट क्विंबी. ते यजमानांची टोपी परत द्यायला आले आणि जेवायला थांबले. दोन वर्षांनी मी त्यांच्याशी लग्न केले. माणूस स्थूल, प्रेमळ आणि सिनेटर होता. त्यांना कोणी "सिनेटचा भोपळा" म्हटले. ते बेटावर वेळेवर गेले. प्रतिपक्षाची होडी चिखलात रुतली होती, त्यामुळे ते ओल्या मोज्यांनी मार्च महिन्याच्या वाऱ्यात ताटकळत उभे राहिले. मग दोघांनी गोळ्या झाडल्या. एक नदीत गेली. दुसरी डॉक्टर ओबडाया प्रिकेट यांना लागली.

डॉक्टरांविषयी सांगायला हवे. द्वंद्वाच्या वेळी डॉक्टरने पाठ करून उभे राहायचे, ही इथली रीत. म्हणजे उद्या कोर्टात विचारले, तर "मी काही पाहिले नाही" असे त्याला खरेपणाने सांगता येते. त्यात डॉक्टर प्रिकेट क्वेकर, खोटे बोलत नाहीत आणि त्यांच्या पंथाप्रमाणे गव्हर्नरलासुद्धा अरेतुरे करतात. इतकी वर्षे ते प्रत्येक द्वंद्वाला हजर आहेत आणि त्यांनी नदीखेरीज काही पाहिलेले नाही. त्या दिवशी गोळी जिथे लागली, ती जागा पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाची समोर असते. ते पालथे पडूनच क्विंबींना म्हणाले, "इलायफलेट, तुझा नेम नेहमी असाच असतो का?"

क्विंबी त्याच आठवड्यात सर्दीने गेले. त्यांच्या भावाने थडग्यावर "अब्रूच्या रणांगणी पडले" असे कोरून घेतले. माझ्या पैशातून ते खरवडून "सर्दीने" एवढेच कोरावे. दगडाला खोटे बोलायला लावू नये.

माझा मुलगा आणि सून पिवळ्या तापाने गेली. बेटावर पाय न ठेवता मरणारा या घराण्यातला तो पहिला पुरुष. त्याचा मला अभिमान आहे, पण त्यालाही मी जिवंतच ठेवले असते. मागे राहिली ही दोन नातवंडे. त्यातले एक सोमवारी बेटावर जाणार म्हणते.

कलम चौथे. पिस्तुलांची जोडी, अक्रोडाच्या पेटीसह. जिल्ह्यात एवढी चांगली जोडी दुसरी नाही, म्हणून दोन्ही पक्ष माझ्याकडेच मागायला येतात, आणि पुढे ती परत करताना पुसूनही देत नाहीत. पेटीत सध्या चांदीचे चमचे आहेत. चमच्यांसह ती केझियाने घ्यावी. पिस्तुले मंगळवारपासून सायडरच्या व्हिनेगरच्या रांजणात आहेत. ती ज्याला हवी त्याने हात घालून काढावीत. व्हिनेगर फेकू नये, काकड्यांना चालेल.

कलम पाचवे. द्वंद्वानंतरची न्याहारी. बेटावरून जिवंत परतलेल्यांना गव्हाच्या आंबोळ्या, मध आणि कॉफी देण्याची चाल माझ्या आईने माहेरी घातली, कारण तिला वाटले की लाजेने तरी घास उतरणार नाही. उतरतो. माझ्या वडिलांना मारणाऱ्याने दुसऱ्यांदा मध मागितला होता. ही चाल मी इथेही चालवली; आजपासून बंद. आंबोळ्यांचा तवा मी आजच डॉक्टर प्रिकेट यांना देऊन टाकला आहे, कारण ते ताट स्वतः धुतात.

कलम सहावे. आमचे पाद्रीबुवा तिन्ही अंत्यविधींना एकच प्रवचन वाचत आले आणि फक्त नाव बदलत आले. क्विंबींच्या वेळी तेही विसरले आणि आम्ही ड्रेकना दुसऱ्यांदा पुरले. माझ्या अंत्यविधीला त्यांनी पहिल्या बाकावर बसावे आणि गप्प राहावे. बोलायचे ते केझिया बोलेल. तिने थोडक्यात बोलावे.

कलम सातवे. लेम्युएलला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि लेम्युएल या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. दुसरा साक्षीदार टायटस व्हॅनडाइक. तिसरे डॉक्टर.

कलम आठवे. खाली सही करणारे लेम्युएल ड्रेक व टायटस व्हॅनडाइक आपल्या अब्रूवर असे वचन देतात की, माझ्या मृत्यूनंतर ते दोघे एकत्र कोर्टात येतील, एका बाकावर शेजारी बसतील आणि मी शुद्धीवर होते असे तोंडी सांगतील. यासाठी ते तोपर्यंत जिवंत राहतील. एकाने दुसऱ्याला मारल्यास दोघांनीही वचन मोडले असे समजावे. दोघांपैकी एक जरी आला नाही, तर हे मृत्युपत्र रद्द होईल, आणि मृत्युपत्र नसेल तर क्विंबींच्या वडिलांच्या दस्तानुसार घर व बाग क्विंबींचे बंधू असाहेल यांना जाईल. त्यांना इथे कातडी कमवायचा कारखाना काढायचा आहे. त्यांनी माझ्या सफरचंदाच्या झाडांची मापेही घेऊन ठेवली आहेत. केझियाला ते कारखान्यात कामाला ठेवणार आहेत, असे त्यांनी मोठ्या मनाने मला सांगितले.

कोणी विचारेल की या दोघांनी असे वचन दिलेच कसे. उत्तर सोपे आहे. सद्गृहस्थाने बाईने पुढे केलेला कागद सहीआधी वाचून पाहणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे. अब्रूच्या नियमांत ते बसत नाही. हे नियम मी केलेले नाहीत. त्यांच्यापायी मी तीन माणसे घालवली. एकदा तरी ते माझ्या कामी यावेत.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून पुरे केले. यापूर्वी मी दुसरे केलेले नाही आणि यापुढे करण्याची वेळ माझ्यावर आणू नये.

क्विंबीज लँडिंग, शनिवार, ११ जुलै १८२९.

सही: हेपझिबा क्विंबी

साक्षीदार:
लेम्युएल ड्रेक
टायटस व्हॅनडाइक
ओबडाया प्रिकेट

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच टेबलावर.

वरील सह्या कशा झाल्या, हे पुढे वाद नको म्हणून लिहिते. मी दोघांना वेगवेगळे जेवायला बोलावले होते, आणि डॉक्टरांनाही. टायटस आत आला, तर लेम्युएल बसलेला. निघून जावे तर पळाला असे होईल, म्हणून टायटस बसला. उठावे तर घाबरला असे होईल, म्हणून लेम्युएल बसून राहिला. डुकराच्या मांसाची खीमा-वडी दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्ली. मग मी कागद पुढे केला.

"आजी, कसला कागद आहे?" लेम्युएलने विचारले.

"माझा आहे," मी म्हणाले. "वाचून बघायचा आहे का तुला?"

तो लालबुंद झाला. "छे! काहीतरीच काय!"

टायटसने तर त्याच्या हातातून लेखणी जवळजवळ हिसकावली. "क्विंबीबाई, तुमच्या कागदावर मी डोळे मिटून सही करीन."

"डोळे उघडे ठेवा. डाग पडेल."

सह्यांची शाई वाळल्यावर मी कलम आठवे मोठ्याने वाचले. लेम्युएलने ताट बाजूला सारले.

"आजी, ही फसवणूक आहे!"

"मग मला आव्हान पाठव."

"बाईला कसं पाठवणार?"

"तेच ना. नियम तुमचेच."

टायटस उभा राहिला. "बाई, पण लोक काय म्हणतील? व्हॅनडाइक घाबरला, असं सराईच्या दारावर छापून लावतील!"

"लावू देत," केझिया आतून म्हणाली. "वचन दिलंय म्हणून सांगा. का वचनापेक्षा सराईचं दार मोठं?"

टायटस खाली बसला. त्याने डॉक्टरांकडे पाहिले. "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा, आम्ही हे वाचलं नव्हतं."

"टायटस," डॉक्टर म्हणाले, "तू वाचलं नाहीस हे मी पाहिलं. तू सही केलीस हेही पाहिलं. मला विचारलं तर मी दोन्ही सांगेन."

मग टायटसने जरा चाचरत विचारले, "क्विंबीबाई, तुमची तब्येत साधारण कशी असते?"

"उत्तम. माझी आई नव्वदी ओलांडून सफरचंदाच्या झाडावरून पडून गेली. तेसुद्धा खालून कोणी शिडी नेली म्हणून."

दोघांनी मनातल्या मनात गणित केले. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. टायटसला ठसका लागला.

"हा खोकला कधीपासून आहे तुला?" लेम्युएलने विचारले.

"तुला काय करायचंय?"

"करायचंय म्हणजे? मला तू कोर्टात लागणार आहेस! उघड्या होडीतून आलास ना? गळ्याला फडकं तरी गुंडाळायचं होतंस."

"माझ्या गळ्याची काळजी तू करू नकोस. तू ते तुझं घोडं विक आधी. परवा तुला दोनदा पाडलं म्हणे."

"एकदा!"

"आणि मत मागत हिंडतोस त्याच्यावरून. मान मोडून घेशील, आणि मला तो कातड्याचा वास आयुष्यभर सोसावा लागेल."

निवडणूक दोघेही लढवणार आहेत. एकमेकांना हवे ते बोलणार आहेत. टायटस निघाला तेव्हा लेम्युएल धक्क्यापर्यंत गेला आणि त्याला म्हणाला, "ती पायरी शेवाळलेली आहे, जपून." तो शिव्या दिल्यासारखे म्हणाला, पण म्हणाला. मी खिडकी लावून घेतली, कारण व्हिनेगरचा वास येत होता आणि डोळ्यांना झोंबत होता.

ही पुरवणी लिहून मी पुन्हा सर्वांना बोलावले. टायटसला होडीतून उतरवून आणावे लागले. मी कागद पुढे केला. या वेळी दोघांनी तो सहीआधी शेवटपर्यंत वाचला. टायटसने उलटून मागची बाजूही पाहिली. मला अपमान वाटला नाही. या घरात पुरुषांना काही शिकताना मी पहिल्यांदाच पाहिले.

सही: हेपझिबा क्विंबी

साक्षीदार:
लेम्युएल ड्रेक (वाचून)
टायटस व्हॅनडाइक (वाचून, दोन्ही बाजू)
ओबडाया प्रिकेट, डॉक्टर (समोर तोंड करून, सर्व पाहिले)